सहावं काम

१

उद्धवराव निघोज्यातल्या गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं होते, आणि त्यातली शेवटची चौदा त्यांनी दुसऱ्यांनी केलेलं काम तपासण्यात घालवली. त्यामुळे निवृत्तीनंतर या माणसाचं घरात करायचं काय, हा प्रश्न कौशल्याबाईंना पडला होता. त्या भाजी चिरायला बसल्या की फोडी एकसारख्या आहेत का ते हे वाकून बघत. सिलिंडरभोवती, स्टुलाभोवती, केरसुणीच्या कोपऱ्यात त्यांनी कंपनीत असते तशी पिवळी चिकटपट्टी लावून प्रत्येक वस्तूची जागा आखून टाकली होती. वस्तू उचला, वापरा, पट्टीच्या आत परत ठेवा. सिलिंडर दोन बोटं बाहेर सरकला तरी त्यांना जेवण गोड लागत नसे.

दिवाळीनंतर नाशिकहून मुलीचा, दिपालीचा फोन आला. पहिलंच बाळंतपण, आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नका म्हणून सांगितलेलं. कौशल्याबाईंचा जीव तिकडे ओढत होता आणि पाय इकडे अडकले होते, कारण उद्धवराव नुकतेच चिकुनगुनियातून उठले होते. ताप गेला होता, सांधे मात्र प्रत्येक जिन्यावर आठवण करून देत होते. तरी ते म्हणाले, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? जा तू.

जाताना कौशल्याबाईंनी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर एक यादी लिहून ठेवली. वर मथळा होता, 'अंगात त्राण नसेल त्या दिवशी फक्त एवढंच.' खाली पाच कामं. ओटा पुसणे. चादर ताणून खोचणे. न्हाणीघरातली बादली पालथी घालणे. दारातल्या चपला रांगेत लावणे. आरसा जुन्या पेपरानं पुसणे.

"हे पाच केलं ना, की घर आवरलेलं दिसतं," त्या म्हणाल्या. "दिसलं की पुरे. बाकीच्याकडे बघायचंच नाही."

'दिसलं की पुरे' हे वाक्य उद्धवरावांना कंपनीत कुणी ऐकवलं असतं तर त्यांनी त्याच्या गिअरची अख्खी पेटी परत पाठवली असती. पण एस.टी.ची वेळ झाली होती, म्हणून ते गप्प बसले. बायको गेल्यावर मात्र ते चऱ्होली फाट्यावर जाऊन संगणकावर त्या यादीचा रीतसर तक्ता करून घेऊन आले. पाच ओळी, महिन्याच्या तारखांचे रकाने आणि शेवटी शेऱ्यासाठी जागा. तो त्यांनी फ्रिजवर लावला आणि शेजारी दोऱ्यानं पेन टांगलं.

२

पहिले आठ दिवस पाचही रकान्यांत बरोबरच्या खुणा पडल्या. नवव्या दिवशी उद्धवराव अर्धा ओटा पुसून थांबले. हातातला फडका पिळायला बोटं मिटेनात. उरलेला अर्धा ओटा नजरेआड करून ते बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आडवे झाले.

चार वाजता उठून चहा ठेवायला गेले, तर ओटा पूर्ण पुसलेला. बादली पालथी. चपला रांगेत, अंगठे भिंतीकडे. आरशात ते स्वतःच एवढे स्पष्ट दिसले की दचकले. आणि तक्त्यावर पाच खुणा.

ग्लानीत आपणच केलं असणार, हे उघड होतं. अडचण एवढीच होती की त्या खुणा उलट्या बाजूनं ओढलेल्या होत्या. लांब दांडी डावीकडे, आखूड उजवीकडे. एकतीस वर्षं खुणा करणारा माणूस झोपेतही अशी खूण करणार नाही.

कंपनीत एक पद्धत होती. बिघाड झाला की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या उत्तरात मूळ कारण सापडतं. उद्धवरावांनी कागद घेतला. ओटा स्वच्छ का? कुणीतरी पुसला म्हणून. कुणीतरी का पुसला? मी अर्धा सोडला म्हणून. अर्धा का सोडला? हात चालेना म्हणून. हात का चालेना? थकलो म्हणून. थकलो का? इथे त्यांनी पेन खाली ठेवलं. आपण थकतो ही गोष्ट त्यांनी आजवर कुठल्याही कागदावर लिहून दिली नव्हती.

३

त्यांचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर होता आणि बरोबर खाली चांदभाईंचं गॅरेज. चांदभाई दिघीचे, चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटात हात घातलेला माणूस. दोघांचा संध्याकाळचा चहा तिथंच व्हायचा. उद्धवरावांनी घडलं ते आडून आडून सांगितलं.

चांदभाईंनी आधी चोराची शक्यता तपासली. घरात शिरून बादली पालथी घालणारा चोर त्यांच्या ऐकिवात नव्हता. मग त्यांनी दबक्या आवाजात दुसरी शक्यता काढली, आणि स्वतःच खोडून टाकली. इमारतीला पुरतं दीड वर्ष झालेलं नाही, लिफ्ट अजून आठवड्यातून दोनदा बंद, पाणी टँकरनं येतं, इथं अजून कुणी मेलेलंच नाही तर मागे राहणार कोण?

"उद्धवराव, दाराला खूण करा," ते शेवटी म्हणाले. "आपण नटाला करतो तशी."

ही सूचना उद्धवरावांना मनापासून पटली. नट घट्ट केला की नट आणि धातू मिळून रंगाची एक सलग रेघ ओढतात, नट हलला की रेघ तुटलेली दिसते. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि कडीवरून चौकटीपर्यंत लाल मार्करनं रेघ ओढली. गॅलरीच्या दारालाही तशीच. मुद्दाम एकही काम केलं नाही, आणि झोपले.

उठले तेव्हा पाचही कामं झालेली होती. ते धावत, म्हणजे सांधे परवानगी देतील तेवढे धावत, दाराशी गेले. कडी घातलेली होती. रेघ तुटली नव्हती. रेघ नव्हतीच. कडी आणि चौकट दोन्ही घासूनपुसून लख्ख केली होती, आणि गॅलरीच्या दाराचीही तीच गत.

४

आता कुणालाही वाटेल की उद्धवराव त्याच संध्याकाळी पिशवी भरून निघाले असतील. पण माणसाचा स्वभाव विचित्र असतो. चार दिवस त्यांना धड झोप लागली नाही हे खरं, पण पाचव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की नळामागे पाण्याचा एक पांढरा डाग राहिलाय. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना हुशारी वाटली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'नळामागे डाग. सुधारणा आवश्यक.'

दुसऱ्या दिवशी नळामागचा डाग नव्हता. एवढा नव्हता की नळाच्या त्या बाजूचा चकचकीत मुलामाही निघून आतलं पितळ दिसत होतं.

मग रोजच सुरू झालं. 'चादरीचा उजवा कोपरा सैल.' 'आरशाची वरची कड.' सकाळी शेरा लिहायचा, दुपारी झोपायचं, चारला उठून तपासायचं. हाताखाली पुन्हा एक माणूस आला होता, आणि तो चहा-बिडीला जात नव्हता, ओव्हरटाइम मागत नव्हता. माणूस आहे की काय, एवढा एकच मुद्दा होता. तो उद्धवरावांनी तूर्त बाजूला ठेवला.

कौशल्याबाईंचा फोन रोज साडेतीनला यायचा. उद्धवराव पडल्या पडल्या, अर्धवट झोपेत हॅलो म्हणायचे आणि सगळं छान चाललंय असं सांगायचे. एकदा त्या बोलता बोलता थांबल्या.

"कोण आहे हो तिथं?" त्यांनी विचारलं. "फडका पिळल्याचा आवाज येतोय."

उद्धवराव दिवाणावर पडलेले होते. स्वयंपाकघराचं दार त्यांच्या डोक्यामागे होतं. त्यांनी मान वळवली नाही. मीच पिळतोय, असं त्यांनी सांगून टाकलं.

"तुम्ही पिळलं की चार थेंब पडतात," कौशल्याबाई म्हणाल्या. "हे बादलीभर पडतंय."

५

तिसऱ्या आठवड्यात तक्त्यावर एक खूण जास्त दिसली. पाच ओळी संपल्यावर खाली कोरी जागा होती, तिथं सहावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. उद्धवरावांना ते आवडलं नाही. यादीत नसलेलं काम करणं ही न केलेल्या कामापेक्षा मोठी चूक, असं ते नव्या पोरांना शिकवत आले होते. पण काम कोणतं केलंय तेच सापडेना. पंख्याची पाती पाहिली, त्यांच्यावर धूळ तशीच. खिडकीच्या जाळ्या तशाच. माळ्यावर चढायला सांधे तयार नव्हते, म्हणून स्टुलावर उभं राहून टॉर्च मारला, तर जळमटं जागच्या जागी. दोन दिवस घरभर ते सहावं काम शोधत फिरले.

त्या संध्याकाळी खाली गेले, तर चांदभाई चहाचा कप तोंडाशी नेऊन बघतच राहिले.

"लग्नाला निघालात का?" त्यांनी विचारलं. "कान काय, नखं काय. आणि भांग उजवीकडून कधीपासून पाडायला लागलात?"

उद्धवराव जन्मभर डावीकडून भांग पाडत आले होते. त्यांनी हात वर नेला. केस ओलसर होते आणि उजवीकडून सरळ रेषेत विभागले होते. नखं एका मापाची कापलेली, त्यांच्या आतली शेवटची काळी कडसुद्धा कोरून काढलेली. त्यांनी मनगट नाकाशी नेलं. लादी पुसायच्या लिंबाच्या फिनेलचा वास येत होता.

चांदभाईंनी हसू आवरलं, मग त्यांचं हसू आपोआपच गेलं. त्यांनी उद्धवरावांचं मनगट हातात धरून पाहिलं. तिथं भट्टीच्या दारानं भाजल्याचा रुपयाएवढा वण होता. गेली तीसेक वर्षं होता. आता तिथं आजूबाजूच्यापेक्षा जरा गुळगुळीत, गुलाबी कातडी होती.

"नीट आठवा," चांदभाई म्हणाले. "दुसऱ्या हातावर असेल."

दुसऱ्या हातावरही नव्हता. उद्धवरावांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्या दिवशी भट्टीतून ज्यानं त्यांचा हात मागे ओढला होता, ज्याच्या मुलीच्या लग्नात ते तीन दिवस राबले होते, त्या माणसाचं नाव त्यांना आठवेना. वयामुळे होतं असं. पण काल तर आठवत होतं.

६

ते वर गेले तेव्हा दिवाणाला पिवळी पट्टी लागली होती. चारी कोपऱ्यांना काटकोनात, सिलिंडरला आहे तशी. मापं अचूक होती. आत एक माणूस उताणा मावेल, हात अंगालगत.

उद्धवराव दिवाणाजवळ गेले. पट्टी उपटायला वाकले तर गुडघे कुरकुरले, आणि त्यापेक्षाही लाजिरवाणं असं की आपसूक त्यांचं बोट पट्टीवरून फिरलं, कुठं सुरकुती आहे का ते बघायला. नव्हती. एवढी चांगली पट्टी त्यांना स्वतःला कधी लावता आली नव्हती.

रात्र त्यांनी दिवे लावून खुर्चीत काढली, आणि रात्रीत काहीच झालं नाही. जे काही होतं ते दुपारच्या पाळीलाच कामाला यायचं. सकाळी त्यांनी तक्त्याच्या शेऱ्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'काम समाधानकारक. आता बंद करावे.' थोडा विचार करून खाली 'धन्यवाद' असंही लिहिलं. मग दुपारी झोपायचंच नाही असं ठरवून ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, भिंतीला टेकून बसले. दोनदा कॉफी घेतली. पेपरातल्या छोट्या जाहिराती मोठ्यानं वाचल्या. अडीच वाजता एका विहीर खोदणाऱ्याचा फोन नंबर वाचता वाचता अक्षरं हलायला लागली.

जाग आली ती दिवाणावर. उताणे, हात अंगालगत, पावलं जुळवलेली, चादर गळ्यापर्यंत ताणून दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचलेली. इतकी घट्ट की श्वास पुरता घेता येईना. चष्मा नाकावर होता आणि काचा इतक्या स्वच्छ की छताच्या रंगातले ब्रशचे केस दिसत होते. बाहेर पडायला त्यांना दहा मिनिटं लागली.

फ्रिजवरचा तक्ता कोरा होता. पाच कामं, तारखा, शेरे, धन्यवाद, सगळं पुसलेलं. कागद घासून घासून पातळ झाला होता. फक्त तळाशी एक उलटी खूण होती.

साडेतीनला फोन वाजला. कौशल्याबाईंनी कसं चाललंय म्हणून विचारलं. उद्धवरावांनी तोंड उघडलं, आणि नेहमीचं उत्तर काही येईना.

"मी थकलोय," ते म्हणाले.

कौशल्याबाईंनी एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बाप गेला तेव्हा नाही, कंपनीत सलग दोन-दोन शिफ्ट केल्या तेव्हा नाही, एकशेचार ताप होता तेव्हासुद्धा नाही.

"उद्या पोचते," त्या म्हणाल्या. "दिपालीकडे तिची जाऊ येऊन थांबेल. तुम्ही आत्ता खाली जा. चपला घालायला थांबू नका."

७

दिपालीला पुढे मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, आणि उद्धवराव-कौशल्याबाई तेव्हापासून नाशिकलाच असतात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे काळजी नको. सांगायचं राहिलंय ते दुसऱ्या दिवशीच्या दुपारचं.

उद्धवराव रात्री चांदभाईंकडे दिघीला झोपले होते. सकाळपासून गॅरेजमध्ये बसून होते, आणि हातांना, गालांना, मानेला त्यांनी आपण होऊन ग्रीस फासून घेतलं होतं. चांदभाईंनी कारण विचारलं नाही. कौशल्याबाई मोशीला उतरून रिक्षानं आल्या तेव्हा अडीच वाजले होते. त्यांनी नवऱ्याकडे नखशिखांत पाहिलं, पदराच्या टोकानं त्यांच्या नाकावरचं ग्रीस पुसायला हात पुढे केला, आणि उद्धवराव एवढे मागे सरले की त्यांनी हात परत घेतला.

तिघं वर गेले. म्हणजे चांदभाई जिन्याच्या वळणापर्यंत आले आणि तिथं त्यांना कठडा धरून उभं राहावंसं वाटलं. दार नुसतं लोटलेलं होतं. कौशल्याबाईंनी ते बोटानं ढकललं.

लादी ओली होती. नुकतीच पुसलेली, छताचा पंखा तिच्यात उलटा दिसत होता. पुसणारा माणूस आतून दाराकडे मागे मागे येतो, म्हणजे पुसलेल्यावर पाय पडत नाही. इथं कुणीतरी दारापासून सुरुवात करून मागे मागे आत गेलं होतं. ओल्याचा काठ दिवाणाच्या पायाशी संपत होता. तिथं बादली होती, आणि काठावर फडका न पिळताच टाकलेला होता. त्यातून पाणी गळत होतं. सगळ्या घरात तेवढी एकच गोष्ट अर्धवट होती.

दिवाणावर, पिवळ्या पट्टीच्या आत, कुणीतरी डोक्यावरून चादर घेऊन झोपलं होतं.

चादर खोचलेली नव्हती. ती वर-खाली होत होती, खोल, मोठ्या अंतरानं, घोरण्याच्या आवाजासकट. खालच्या बाजूनं दोन तळवे बाहेर आले होते. पांढरे फटक, सुरकुतलेले, फार वर्षं पाण्यात उभं राहिल्यासारखे. उद्धवरावांना तेवढंच दिसलं. कौशल्याबाई मात्र चपला काढून दोन पावलं आत गेल्या होत्या, भिंतीला धरून, टाचा उचलून, आणि तिथून त्यांना उशीकडची बाजू दिसत होती. त्यांनी पाहिलं. कपाळावर आठी पडली, मग ती गेली, आणि चेहऱ्यावर उद्धवरावांना ओळखीचं काहीतरी आलं. ते तापात असताना रात्री तीनला डोळे उघडले की हाच चेहरा त्यांच्यावर वाकलेला असायचा.

त्या तशाच मागे आल्या. दार ओढून घेतलं. उद्धवरावांनी खिशातून कुलूप काढलं, तर त्यांनी मान हलवली.

"नको. वाजेल." मग अगदी हलक्या आवाजात, "दमलंय हो ते. झोपू दे."

चपला हातात घेऊन त्या जिना उतरल्या. चांदभाईंनी काय पाहिलं म्हणून विचारलं, तर त्यांनी नाशिकची पुढची गाडी मोशीहून किती वाजता आहे ते विचारलं. गॅरेजमध्ये एका गिऱ्हाइकाची व्हॅन दुरुस्त होऊन उभी होती. चांदभाईंनी त्यात सीटवर जुने पेपर अंथरले, उद्धवराव ग्रीससकट आत बसले, कौशल्याबाई शेजारी बसल्या. वरच्या गॅलरीतून घोरणं स्पष्ट ऐकू येत होतं, एका लयीत, एखाद्या गुणी मशीनसारखं. चांदभाईंनी चावी लावली, पण फिरवली नाही. या आवाजात इंजिन सुरू करावं की करू नये हे त्यांना कळेना.

तेवढ्यात घोरणं थांबलं.

वर दिवाण करकरला. ओल्या लादीवरून पावलं आली, सावकाश, दोनदा थांबत, गुडघे दुखणाऱ्या माणसाची असतात तशी. गॅलरीचं दार उघडलं. कठड्यावर वजन पडल्याचा आवाज आला, आणि पाण्याचा एक थेंब व्हॅनच्या टपावर टपकला.

तिघांपैकी कुणीही वर पाहिलं नाही. कौशल्याबाईंनी नवऱ्याचा ग्रीसनं माखलेला हात आपल्या मांडीवर घेतला, वर आपला पदर पसरला आणि चांदभाईंना म्हणाल्या, "हळू काढा. पण काढा."